विश्लेषण : न्यायाधीश रानडे यांची नाशिक आणि धुळ्याला बदली का झाली? निकालामुळे नव्हे, संशयामुळे!

हिवाळ्यात पारा घसरला की निफाडचे नाव बातम्यांत येते. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवरच्या याच गावात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ आणि मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना आहे. मात्र, सरकारच्या लेखी ते काही वर्षे ‘संशयित’ होते, हे फारसे सांगितले जात नाही. या संशयाच्या काळात त्यांना पुण्यातून आधी नाशिकला आणि मग धुळ्याला पाठवण्यात आले. त्यांच्या पत्रांवरही पाळत होती. न्यायाधीश सरकारला आवडेनासा झाला तर काय होते, आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची मुळे या प्रकरणात दिसतात.

रानडे न्यायखात्यात कसे आले?

रानडे यांचे वडील सरकारी नोकरीत होते. निफाडनंतर कुटुंब कोल्हापूरला गेले आणि महादेवचे बालपण तिथेच गेले. पुढील शिक्षणासाठी तो मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह रानडेही होते. १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

सरकारी नाराजीचा पहिला अनुभव त्यांना विद्यार्थिदशेतच आला होता. मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राजवटीशी तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला. तो प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना रुचला नाही आणि रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवण्यात आली, असे चरित्रकार नोंदवतात. पुढे मात्र याच रानडे यांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले.

दरम्यान, भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानचे कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश अशी कामे त्यांनी केली. १८७१ मध्ये त्यांची पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नेमणूक झाली. दिवाणी दाव्यांतील त्यांचा अभ्यास आणि निकालपत्रे यांचा लौकिक लवकरच पसरला. मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश मायकेल वेस्ट्रॉप यांनीही त्यांच्या कामाची वाखाणणी केली. थोडक्यात, न्यायदानाच्या कामात त्यांच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती.

मग सरकारला खटकले काय?

कोर्टाच्या वेळेनंतरचे रानडे. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, हे तिचे संस्थापक. रानडे पुण्यात आल्यावर सभेच्या अर्जांमागे आणि अहवालांमागे त्यांचे डोके असते, हे सर्वांना ठाऊक होते. हिंदुस्थानातील लोकांना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व द्यावे, असा अर्ज सभेने केला. शेतसाऱ्याचा बोजा, शेतकऱ्यांचे कर्ज, बुडालेले देशी उद्योग यांवर सभा आकडेवारीनिशी बोलू लागली. स्वदेशी उद्योगांबद्दल रानडे यांनी व्याख्याने दिली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

ठिणगी पडली ती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. दख्खनच्या दुष्काळी भागांतील माहिती गोळा करून सभा ती सरकारपुढे आणि वृत्तपत्रांपुढे ठेवत होती. व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळी कामांचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी रिचर्ड टेंपल यांना पाठवले. त्यांनी मजुरांच्या मजुरीला कात्री लावली. दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडे पैसे, असा हिशेब ठरला. कष्टाचे काम करणारा माणूस एवढ्यावर जगणार कसा, असा आक्षेप सभेने घेतला. योगायोग असा, की हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ज्या सभेने त्यांच्या धोरणावर बोट ठेवले होते, त्या सभेचा सूत्रधार आता त्यांच्याच हाताखालचा सबजज्ज होता.

काळही बिकट होता. मार्च १८७८ मध्ये लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. इंग्रजी वृत्तपत्रे त्यातून वगळण्यात आली होती. सरकारवरची टीका आणि सरकारविरुद्धचा कट यांतला फरक राज्यकर्त्यांना दिसेनासा झाला होता.

नाशिकची बदली कशी झाली?

१८७८ मध्ये रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. एका ठिकाणी न्यायाधीशाने फार काळ राहू नये, हा नियम पुढे करण्यात आला. नियम चुकीचा नव्हता. न्यायाधीशाचे स्थानिक हितसंबंध तयार होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आजही मान्य आहे. पण, तो नेमका कोणाला आणि केव्हा लावायचा, हे सरकारच्या मर्जीवर होते. पुणेकरांनी त्याचा अर्थ लगेच ओळखला. रानडे यांना सार्वजनिक सभेपासून दूर करायचे होते.

या बदलीविरुद्ध दाद मागावी, असा आग्रह मित्रांनी धरला. रानडे यांनी तो मानला नाही. नोकरी पत्करली आहे तोवर सरकार पाठवेल तिथे जायचे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या काळाचे तपशीलवार चित्र रेखाटले आहे.

नाशिकमध्ये रानडे गप्प बसले का? तर नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्या काळात नाशिकमध्येच न्यायखात्यात होते. दोन सुधारक न्यायाधीश एकाच गावात आल्याने शिक्षण आणि समाजसुधारणेच्या कामाला जोर आला. मुलींच्या शिक्षणाच्या कामात रमाबाईंनाही पुढे आणण्यात आले. त्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकमधलेच. ते रानडे यांनी लिहून दिले होते. पुढे सेवासदनसारखी संस्था उभी करणाऱ्या रमाबाईंच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात, अशी एका ‘गैरसोयीच्या’ बदलीच्या गावी झाली.

धुळ्याला तातडीने का पाठवले?

१८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात सशस्त्र बंड पुकारले. पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेल्या फडके यांनी रानडे यांची व्याख्याने ऐकली होती. देशाची संपत्ती बाहेर जाते आणि लोक कंगाल होतात, ही मांडणी दोघांच्या विचारांत होती. मात्र रानडे यांचा मार्ग अर्ज, आकडे आणि कायद्याचा, तर फडके यांचा शस्त्राचा होता. सरकारला हा फरक दिसला नाही.

त्यातच मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. या वाड्यांत सरकारी कचेऱ्या होत्या. उन्हाळ्याच्या सुटीमुळे रानडे तेव्हा पुण्यातच होते. आगीचा संबंध फडके यांच्या बंडाशी आणि बंडाचा संबंध पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांशी जोडला गेला. गव्हर्नर टेंपल यांनी १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रात चित्पावन ब्राह्मणांच्या राजकीय महत्त्वाकांक्षेबद्दल उघड संशय व्यक्त केला होता. म्हणजे, पुरावा एका माणसाविरुद्ध नव्हता, संशय एका संपूर्ण जातीवर होता आणि रानडे त्या जातीतले सर्वांत ठळक नाव होते.

सुटी संपण्याची वाटही न पाहता त्यांना धुळ्याला रुजू होण्याचा हुकूम मिळाला. पुढे आगीच्या चौकशीत सरकारी बुक डेपोतल्याच नोकराचे नाव निघाले. बंडाशी तिचा संबंध नव्हता. पण तोवर रानडे धुळ्याला पोहोचले होते.

धुळ्यात काय घडले?

धुळ्यात सुरुवातीला त्यांचे टपाल उशिरा मिळू लागले. पाकिटे उघडून पुन्हा चिकटवल्याच्या खुणा दिसत. काही पत्रे तर विचित्रच होती. बंडवाल्यांच्या नावाने, अमुक ठिकाणी अमुक होणार आहे, अशा मजकुराची पत्रे येऊ लागली. ही पत्रे म्हणजे सापळा आहे, हे रानडे यांनी ओळखले. पत्र फाडले तर पुरावा नष्ट केला असे होईल, जवळ ठेवले तर कटात सामील असे होईल. त्यांनी साधा मार्ग निवडला. आलेले प्रत्येक पत्र पाकिटासह ते पोलिसांकडे पाठवू लागले.

काही काळानंतर धुळ्यातील एका इंग्रज अधिकाऱ्यानेच फिरायला गेले असताना त्यांना सांगितले, की तुमच्यावर संशय होता, तुमची पत्रे पाहिली जात होती आणि आता तो संशय फिटला आहे. रमाबाईंनी ही हकिकत नोंदवली आहे. याबद्दल जाहीर माफी झाली नाही, की कोणा अधिकाऱ्याला जाब विचारला गेला नाही. ज्याने संशय घेतला त्यानेच तो मागे घेतला आणि प्रकरण तिथेच मिटले.

एवढे सगळे शक्य कसे झाले?

याचे उत्तर त्या काळच्या रचनेत आहे. सबजज्जांची नेमणूक आणि बदली मुंबई सरकारच्या हाती होती. सरकारच्या ज्युडिशियल डिपार्टमेंटकडे न्यायालयांबरोबरच पोलिसांचेही कामकाज होते. जिल्ह्यात तर कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट असे. पोलीस त्याच्या हाताखाली, फौजदारी कोर्टेही त्याच्या देखरेखीखाली. संशय घेणारा, पाळत ठेवणारा, बदली करणारा आणि तक्रार ऐकणारा, सगळे एकाच छपराखाली होते.

हायकोर्ट रानडे यांच्या निकालपत्रांची तपासणी करू शकत होते, त्यांची स्तुतीही करत होते. पण त्यांना पुण्यात ठेवायचे की धुळ्याला धाडायचे, हे हायकोर्टाच्या हाती नव्हते. हायकोर्टाचे न्यायाधीशही १८६१ च्या कायद्यानुसार राणीची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत.

म्हणूनच १८८५ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेसने लगेच पुढच्या वर्षापासून कारभार आणि न्यायदान यांची फारकत करा, ही मागणी लावून धरली. वरकरणी तांत्रिक वाटणाऱ्या या मागणीमागे रानडे यांच्यासारख्यांचे अनुभव होते.

सरकारचे मत पुढे बदलले का?

बदलले, आणि फार लवकर. १८८० मध्ये लिटन गेले आणि रिपन व्हाइसरॉय झाले. टेंपलही त्याच वर्षी मुंबई सोडून गेले. जानेवारी १८८१ मध्ये रानडे यांना मुंबईत हंगामी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट नेमण्यात आले. ज्याच्यावर दोन वर्षांपूर्वी बंडाचा संशय होता, त्याच्याकडे राजधानीतील फौजदारी खटले आले. त्याच वर्षी ते पुण्याला परतले.

पुढे त्यांच्यावर दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी केलेल्या १८७९ च्या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम सोपवण्यात आले. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत हा कायदा लागू होता. गावोगाव फिरून खालच्या कोर्टांचे कामकाज तपासणे, शेतकऱ्याला नोटीस नीट मिळाली का, हिशेब पाहिला का, हे बघणे असे ते काम होते. सार्वजनिक सभेत बसून रानडे ज्या कर्जबाजारी शेतकऱ्याबद्दल लिहीत होते, त्याचेच दावे आता ते सरकारच्या वतीने तपासत होते.

१८८५ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. १८८६ मध्ये सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या समितीवर त्यांना घेण्यात आले आणि नंतर सी.आय.ई. हा किताब मिळाला. सप्टेंबर १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पण या बदलातही एक मेख आहे. रानडे १८७८ मध्ये जे होते तेच १८८१ मध्येही होते. बदलले होते फक्त वर बसलेले लोक. न्यायाधीशाची सुरक्षितता व्हाइसरॉयच्या स्वभावावर अवलंबून असेल, तर ती सुरक्षितता नव्हे.

रानडे यांची बाजू पूर्ण निर्दोष होती का?

सरकारचा एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. न्यायाधीशाने राजकीय स्वरूपाची संस्था चालवावी का? ज्या सरकारविरुद्ध अर्ज लिहायचे, त्याच सरकारच्या दाव्यांत निकाल द्यायचा, हे योग्य का? रानडे यांनी हायकोर्टात असतानाही सार्वजनिक काम सोडले नाही. टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतल्यावर १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन झाली, तिच्यामागेही रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले होते.

आजच्या निकषांवर हे चालले नसते. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या संहितेनुसार न्यायाधीशाने राजकीय विषयांवर जाहीर मतप्रदर्शन करू नये, असे अपेक्षित आहे. त्या काळी मात्र शिकलेल्या हिंदी माणसाला सरकारी नोकरीखेरीज फारशी वाट नव्हती आणि लोकांची बाजू मांडणारे निवडून आलेले सभागृहही नव्हते. तरीही प्रश्न उरतोच. फरक एवढा, की सरकारला आक्षेप होता तर तो उघडपणे मांडता आला असता. नियम दाखवून, खुलासा मागवून, चौकशी करून. सरकारने बदली आणि टपालाची झडती हा मार्ग निवडला. त्यात आरोप नव्हता, म्हणून उत्तर देण्याची संधीही नव्हती.

आज न्यायाधीशाची बदली कोण करते?

राज्यघटनेने रानडे यांच्या काळातली ही रचना मोडली. अनुच्छेद ५० नुसार न्यायव्यवस्था कार्यपालिकेपासून वेगळी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले. अनुच्छेद २३५ नुसार तालुका आणि जिल्हा न्यायालयांवरचे नियंत्रण हायकोर्टाकडे आहे. म्हणजे आज नाशिकच्या दिवाणी न्यायाधीशाची बदली मंत्रालयातून नव्हे, तर हायकोर्टाच्या आदेशाने होते.

हायकोर्टाच्या न्यायाधीशांची बदली अनुच्छेद २२२ नुसार राष्ट्रपती करतात, त्यासाठी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत आवश्यक असते. पण कागदावरची भिंत पुरेशी नसते, हे आणीबाणीत दिसले. १९७६ मध्ये १६ हायकोर्ट न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी आपल्या बदलीला आव्हान दिले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. रानडे यांना जी दाद मागता आली नव्हती, ती शंभर वर्षांनी एका न्यायाधीशाने मागितली. पुढे १९९३ आणि १९९८ च्या निर्णयांनी बदल्या आणि नेमणुकांत सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमचा शब्द निर्णायक ठरला. २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द ठरवताना तोच मार्ग कायम राहिला.

आता आक्षेप उलट बाजूने येतो. सरकारचा हात निघाला, पण बदलीची कारणे लोकांना कळतात का? ‘प्रशासकीय कारण’ किंवा ‘न्यायदानाच्या सोयीसाठी’ एवढेच सांगितले तर १८७८ च्या नियमात आणि यात नागरिकाने फरक कसा ओळखायचा?

या प्रकरणातून काय लक्षात ठेवायचे?

न्यायाधीशावर दबाव आणायला त्याचा निकाल फिरवावा लागत नाही. त्याचे गाव बदलले तरी पुरते. तो बदलीला तयार असेल, तर बातमीही होत नाही. रानडे टिकले, कारण त्यांच्या निकालपत्रांत बोट ठेवायला जागा नव्हती, त्यांनी आलेले प्रत्येक संशयास्पद पत्र नोंदीसह पुढे पाठवले आणि दोन वर्षांत वरचे राज्यकर्ते बदलले. यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात होत्या. तिसरी नशिबाची होती. न्यायाधीशाची बदली कोणत्या कारणाने झाली हे कागदावर लिहिणे, ते तपासता येणे आणि चुकल्यास कोणीतरी उत्तर देणे, ही व्यवस्था असली की नशिबाची गरज उरत नाही. निफाडच्या या माणसाच्या वाट्याला ती व्यवस्था आली नाही.